सही कुणाची?

आमच्या मराठवाड्यात किनवट-मुखेडची बाई नांदेडला येते, निलंग्या-औशाची लातूरला जाते. येण्याचे कारण चारचौघांत सांगण्यासारखे नसते. पदरी दोन-तीन लेकरे असतात; तांबी बसवलेली असूनही पुन्हा दिवस गेलेले असतात. कशीबशी ती एखाद्या दवाखान्यात पोचते आणि टेबलापलीकडून विचारणा होते, “नवऱ्याला आणलंय का? त्यांची सही लागेल.” नवरा ऊसतोडीला गेलेला असतो, नाहीतर पुण्याला कामावर असतो. बाई आल्या पावली परत फिरते. आठवडे मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत.

ही सही कायद्याने लागते काय? आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांतही पुष्कळांचे उत्तर “हो” असेच येईल. वस्तुतः ती लागत नाही! वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पालकाची संमती लागते ती अठरा वर्षांखालील मुलीसाठी किंवा मनोरुग्ण स्त्रीसाठी. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेलाही जोडीदाराच्या सहीची अट नाही.

मग हा रिवाज आला कोठून? त्याच्या मुळाशी भीती आहे, आणि ती फार जुनी आहे. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरवला; करणाऱ्याचा, तसाच करवून घेणाऱ्या स्त्रीचाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती कमी झाली. त्या प्रकरणाने व्यथित होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. हे पुस्तक मी वर्गात शिकवते तेव्हा मुली वह्या मिटून ऐकत राहतात. पुढे १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली.

१९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली. १९७१ चा कायदा हे तिच्याच अहवालाचे फळ. पण त्याने जुना गुन्हा पुसला नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो ८८ व्या कलमात आहेच. कायद्याने त्या भिंतीला फक्त एक दार पाडले आणि किल्ली डॉक्टरच्या हाती दिली. उद्या सासरचे लोक दाराशी आले तर काय, या धास्तीने डॉक्टर नवऱ्याची सही मागतो. त्यात गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली केला. तो आवश्यकच होता. पण गुन्हा आहे तो लिंग तपासण्याचा. नियमात बसणारा गर्भपात हा नव्हे. लोकांच्या मनात मात्र दोन्हींची गल्लत झाली आहे.

२०२१ च्या दुरुस्तीने हे दार आणखी रुंद झाले. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा वा घटस्फोटिता झालेल्या स्त्रिया अशांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत जाते. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर ही मर्यादाच राहत नाही. संततिनियमनाचे साधन फसल्याची सबब पूर्वी केवळ विवाहितेला होती. आता ती कोणत्याही स्त्रीला आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चोवीस आठवड्यांच्या सवलतीतून अविवाहितेला वगळता येणार नाही, असा निर्णय दिला. आणि अनधिकाराने स्त्रीचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

कोणी म्हणेल, नवऱ्याला न विचारता बाईने हे करावे काय? जिथे संसारात विश्वास आहे तिथे ती विचारतेच. त्याला कायदा लागत नाही. जिथे तो नाही, तिथे सहीपायी परतलेली बाई वैदूकडे नाहीतर कुणी सांगितलेल्या गोळीकडे वळते, आणि कधी कधी जिवानिशी जाते.

पाडवा-भाऊबीजेला लेकी माहेरी येतील. साडीचोळी तर आपण देतोच. फराळ आटोपल्यावर आईने, वहिनीने एवढे त्यांच्या कानी घालावे, की त्या कागदावर सही लागते ती तुझी.