तिसऱ्या दिवसानंतर कोण येतं?

शिरूर असो की दौंड, मोहल्ल्यात मय्यत झाली की काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मशिदीतून ऐलान होतं. चार माणसं कब्रस्तानात जातात, कफनाचं कापड येतं, गुस्ल देणाऱ्या खाला निरोपाची वाट न बघता येऊन बसतात. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारून डबे येतात. दुकानदार शटर अर्धं ओढून जनाज्याला हजर होतो, आणि त्यात शेजारचे हिंदू भाऊही असतात. तीन दिवस ते घर एकटं पडत नाही. मग जियारत होते आणि पाहुणे आपापल्या गावी जातात.

खरी अडचण चौथ्या दिवशी सुरू होते. शाळेत आम्हाला ती लवकर दिसते. वडील गेलेली सातवीतली मुलगी आठवड्यातून दोन दिवस गैरहजर राहायला लागते. विचारलं तर म्हणते, "सर, अम्मीची तब्येत बरी नाही." तब्येतीचं निम्मं कारण खरं असतं, निम्मं रिक्षाच्या भाड्याचं असतं. हे घर अडचणीत आहे हे मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत असतं. प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी बघत असेल.

आपल्याकडे दिलदारीची कमी नाही, असं माझं मत आहे. कमी आहे ती काम वाटून घेण्याची. "काही लागलं तर सांगा" हे आपण मनापासून म्हणतो, पण ज्याच्यावर वेळ आली आहे तो सांगत नाही. त्याला लाज वाटते. त्यामुळे विचारणाऱ्यानंच कामाचं नाव घेतलं पाहिजे. "उद्या दहा वाजता मी तुमच्याबरोबर नगरपरिषदेत येतो" असं म्हटलं की समोरच्याला हात पसरावा लागत नाही.

आपल्याला याचा जुना नमुना माहीत आहे. हिजरतीनंतर मक्केहून आलेले मुहाजिर मदीनेत रिकाम्या हातानं उतरले. नबी-ए-करीम (स.) यांनी सगळ्या अन्सारांना मिळून "यांना मदत करा" असं मोघम सांगून सोडलं नाही. एकेका मुहाजिराची एकेका अन्सारीशी जोडी लावून दिली. यालाच मुआखात म्हणतात. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांची जोडी हजरत साद बिन रबी (रजि.) यांच्याशी लागली. साद यांनी आपला अर्धा माल देऊ केला. अब्दुर्रहमान यांनी दुआ देऊन तो नाकारला आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर आणि तुपाच्या व्यापारापासून सुरुवात करून पुढे ते मोठे व्यापारी झाले. बयानात आपण सादची उदारता ऐकतो, ती ऐकण्यासारखीच आहे. पण जोडी लावण्याची ती पद्धत आपल्या नजरेतून सुटते. कोणाची जबाबदारी कोणावर, हे तिथं नावानिशी ठरलं होतं.

आपल्या दोन्ही गावांना याची गरज जास्त आहे, कारण ही बाहेरून आलेल्यांची गावं आहेत. शिरूर म्हणजे जुनं घोडनदी, इंग्रजांच्या छावणीमुळे वाढलेलं. दौंड वाढलं रेल्वेमुळे. मनमाडचा फाटा 1878 मध्ये सुरू झाला आणि नोकरीच्या निमित्तानं ठिकठिकाणची माणसं इथं येऊन राहिली. आता रांजणगाव एमआयडीसीत मराठवाड्यातली, बिहार-यूपीची पोरं भाड्याच्या खोल्यांत राहतात. जुन्या मोहल्ल्यातल्या चाचांना एकमेकांच्या तीन पिढ्या माहीत असतात. पण या भाडेकरूंपैकी कुणी जुम्म्याच्या नमाजला मागच्या सफमध्ये उभं राहून निघून जात असेल, तर त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं. तो आजारी पडला तर पहिला फोन कुणाला करणार?

नावं माहीत असण्यानं आयुष्य वाढतं, हे आता अभ्यासातूनही पुढे आलं आहे. 2010 मध्ये संशोधकांनी 148 अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांची माणसं जोडलेली होती, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे 50 टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा भेडसावतो.

आता चौथ्या दिवसाकडे परत येऊ. कर्ता पुरुष गेला की त्याची बेवा इद्दतीत असते, चार महिने दहा दिवस. गरजेच्या कामासाठी दिवसा बाहेर पडायला उलमांनी वाव ठेवलेला आहे, तरी आपल्या घरांत सहसा ती बाहेर पडत नाही. आणि नेमकी कागदपत्रांची धावपळ याच दिवसांत असते. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते, शहरात नगरपरिषदेत आणि गावात ग्रामपंचायतीत. मुदत गेली की परवानग्या आणि चकरा वाढतात. दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी आणि बँक पासबुकाशी जुळतंय का, हे तिथल्या तिथं बघून घ्यावं. आपल्याकडे शेख, शेख-दादा, वडिलांचं नाव पुढे-मागे हा घोळ फार. एका वेलांटीपायी पुढचे सहा महिने जातात.

मग मरहूमचं पासबुक हातात घ्यावं. वर्षाला 436 रुपये कापलेले दिसले, तर पंतप्रधान जीवन ज्योती विमा चालू असू शकतो. त्यात वारसाला 2 लाख मिळतात. 20 रुपये कापलेले असतील तर तो अपघात विमा, अपघाती मृत्यूला 2 लाख. बँकेत सही करताना हे विमे उतरवले गेले होते, हे घरात कुणाला माहीतच नसतं. कंपनीत पीएफ कापला जात असेल तर पीएफशिवाय त्याला जोडलेला विमाही असतो, कमाल 7 लाखांपर्यंत. कंत्राटी कामगारांनाही हे लागू होऊ शकतं, म्हणून पगाराची पावती शोधावी.

कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल आणि गेलेला कर्ता 18 ते 59 वयाचा असेल, तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकरकमी 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात द्यायचा. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या विधवेला संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला 1,500 रुपये मिळतात. आई किंवा वडील गेलेल्या 18 वर्षांखालच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपये. त्या सातवीतल्या मुलीच्या रिक्षाचं भाडं यातून सुटतं. शाळेचा बोनाफाईड दाखला लागतो. तो मागायला घरचं कुणी आलं नाही तर मोहल्ल्यातल्या कुणीही यावं, आम्ही सांगतो काय काय जोडायचं ते.

हे सगळं करणारा माणूस श्रीमंत असावा लागत नाही. त्याला दोन सकाळी मोकळ्या हव्यात, मराठी अर्ज वाचता आला पाहिजे आणि घरातल्या भाभीशी बोलायला त्याची बीवी किंवा बहीण बरोबर असली पाहिजे. बैतुलमालमधून पाच हजार देण्यापेक्षा या दोन सकाळींची किंमत अनेकदा जास्त भरते.

आजारपणाचं गणितही असंच आहे. केस गंभीर झाली की "पुण्याला हलवा" हे शब्द येतात. शिरूरहून काय आणि दौंडहून काय, पुणं साधारण 70 किलोमीटर. पहिल्या रात्री ससूनच्या आवारात आपली दहा माणसं असतात, पाचव्या रात्री एकटा मुलगा बाकावर झोपलेला असतो. रात्रीच्या पाळ्या पहिल्याच दिवशी वाटल्या तर दहा माणसांत दहा रात्री निघतात. दुसरं, खाजगी धर्मादाय रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन भरती होतानाच समाजसेवकाला भेटावं. बिल हातात पडल्यावर चंदा गोळा करणं हा शेवटचा उपाय, आपण तो पहिला करतो.

चंदा एकत्र आला की काय होऊ शकतं, हे इचलकरंजीनं दाखवलं आहे. 2020 च्या रमजानमध्ये, लॉकडाऊनच्या काळात, तिथल्या मुस्लिम समाजानं 36 लाख रुपये जमवून आयजीएम या सरकारी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. पेशंट कोणत्या धर्माचा, हा प्रश्न तिथं नव्हता. त्याच सुमारास पुण्यात आझम कॅम्पसनं आपल्या मशिदीचा मजला विलगीकरणासाठी देऊ केला होता.

पैशांबद्दल एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दोस्तांमध्ये उधार-उसनवार चालते आणि तोंडी चालते. "आपल्यात कसलं लिहायचं?" कुरआनातली सगळ्यात लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिल्यानं दोस्ती बिघडत नाही, न लिहिल्यानं बिघडलेल्या मात्र दोन्ही गावांत हव्या तेवढ्या सापडतील. बायकांची भिशी या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार आहे. तिथं वही असते, तारीख ठरलेली असते, आणि कुणाच्या घरी ऑपरेशन आलं तर बाकीच्या आपला नंबर मागे घेतात.

पुरुषांचा आणखी एक प्रश्न आहे. आपण चहाच्या टपरीवर तासभर बसतो, क्रिकेट आणि राजकारण बोलतो, पण नोकरी गेली हे सांगत नाही. शेजारी बसलेल्याला झोप लागत नाही, हे आपल्याला दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळतं. तरुण मुलगा गप्प झाला, नमाजला-कामाला यायचा बंद झाला, तर त्याच्या घरी जावं आणि तकरीर न करता बसावं. मरणाच्या गोष्टी करत असेल तर ते नखरे समजू नयेत, त्याला एकटं सोडू नये. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दोस्तीची हद्द मोहल्ल्यापाशी संपत नाही, हे पुणे जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. जोतीराव फुल्यांची शाळा मध्येच सुटली होती. त्यांना परत शाळेत घाला म्हणून गोविंदरावांच्या मागे लागणाऱ्यांत शेजारचे गफ्फार बेग मुन्शी होते. पुढे मुलींच्या शाळेपायी जोतीराव-सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना जागा दिली. ऑक्टोबर 1856 मध्ये आजारी सावित्रीबाई नायगावहून जोतीरावांना पत्र लिहितात. त्यात आपल्यामागे फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा उल्लेख आहे. मैत्रीण आजारी असताना तिचं काम उचलणारी ही फातिमा. दोघींच्या नात्याबद्दल मला यापेक्षा मोठं काही सांगता येणार नाही.

पण ही शेजारधर्माची वीण उसवतेही. 1 ऑगस्ट 2025 ला दौंड तालुक्यातल्या यवतमध्ये सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून तोडफोड आणि जाळपोळ झाली. पोलिसांना अश्रुधूर वापरावा लागला, जमावबंदी लागली. वर्षानुवर्षं एकत्र चहा पिणारी माणसं दोन्हीकडे होतीच. मग त्यांचं काही चाललं का नाही?

यावर अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. 2002 च्या पुस्तकात त्यांनी दंगली होणाऱ्या आणि न होणाऱ्या शहरांच्या जोड्या तपासल्या. लहान गावात रोजची उठबस पुरते, पण वस्ती वाढली की ती कमी पडते. तिथं व्यापारी संघ, कामगार संघटना, मंडळं यांत दोन्ही समाज एकत्र काम करत असले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे याचं उदाहरण भिवंडीचं आहे. 1970 आणि 1984 मध्ये तिथं भीषण दंगली झाल्या. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांतली माणसं आणि पोलीस शांततेच्या काळातही नियमित भेटत राहिले. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा आली की ती खरी की खोटी हे विचारायला कुणाला फोन करायचा, ते तिथं आधीच ठरलेलं होतं.

शिरूर आणि दौंड आता लहान गावं राहिलेली नाहीत. आपल्या मोबाईलमध्ये शेजारच्या आळीतल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षाचा नंबर आहे का, आणि त्यांच्याकडे आपल्या मशिदीच्या सदर साहेबांचा? नसेल तर तो एखाद्या साध्या दिवशी, रस्त्याच्या किंवा पाण्याच्या कामावरून भेटताना घेऊन ठेवावा. पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठका सणांच्या आधी होतात. त्यांना आपल्याकडून नेहमीचेच दोन-तीन बुजुर्ग जातात. या वेळी त्यांच्याबरोबर पंचविशीतला एखादा मुलगा पाठवावा, कारण ती पोस्ट सगळ्यात आधी त्याच्याच फोनवर येणार आहे.