कुंपणबंद रानातील ट्रॉफी-शिकार : टेक्सासमधील हरीण-व्यवस्थापनाची नैतिक चिकित्सा

सारांश : अमेरिकेतील टेक्सास राज्यात खासगी रँचभोवती उंच कुंपण घालून, विशेष आहार व निवडक प्रजनन यांच्या साहाय्याने मोठ्या शिंगांचे नर वाढविणे आणि शुल्क आकारून त्यांची शिकार करू देणे हा एक स्थिरावलेला व्यवसाय आहे. प्रस्तुत लेखात या व्यवसायाच्या बाजूने व विरोधात मांडल्या जाणाऱ्या युक्तिवादांचे परीक्षण केले आहे. प्राणिहक्कांची भूमिका न स्वीकारताही, केवळ शिकारी परंपरेच्या स्वतःच्या निकषांवर या प्रथेचा मोठा भाग समर्थनीय ठरत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ट्रॉफी-शिकार, न्याय्य पाठलाग, वन्यता, सार्वजनिक विश्वस्तता, काळवीट.

१. प्रस्तावना

मार्जरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी राम पटवर्धन यांनी ‘पाडस’ या नावाने मराठीत आणली आणि फ्लॉरिडाच्या रानातील हरणाचे एक पिल्लू मराठी वाचकाच्या घरचे झाले. माणसाच्या हातून वाढलेले ते पाडस मोठे होते, पिकात शिरू लागते आणि अखेर त्याला मारणे भाग पडते. रानातला प्राणी माणसाळला की तो धड रानाचा राहत नाही आणि धड घराचाही होत नाही, हा त्या कथेतील पेच आहे.

त्याच जातीचे, म्हणजे श्वेतपुच्छ हरीण, टेक्सासमध्ये एका निराळ्या पेचाच्या केंद्रस्थानी आहे. कादंबरीतील पाडस मायेपोटी वाढविले गेले होते. येथे नर हरीण पुढे मारले जावे याच हेतूने वाढविले जाते. कुंपणाआड जन्मलेल्या, माणसाने पुरविलेल्या खाद्यावर पोसलेल्या आणि शिंगांच्या आकारानुसार किंमत ठरलेल्या प्राण्यास गोळी घालणे, यास शिकार म्हणता येईल काय? हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. शिकारीला समाजाने जी नैतिक मान्यता दिली, ती काही अटींवर दिलेली होती. त्या अटी नाहीशा झाल्यावरही ती मान्यता टिकते काय, हा खरा प्रश्न होय.

२. व्यवसायाचे स्वरूप

टेक्सासमधील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची आहे. त्यामुळे तेथे शिकारीसाठी जमीनमालकाची परवानगी, आणि पर्यायाने त्याला दिले जाणारे शुल्क, अपरिहार्य ठरते. लांडग्यांसारखे भक्षक पूर्वीच नष्ट झाले होते. जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीचे १९६०च्या दशकात निर्मूलन झाल्यावर हरणांची संख्या झपाट्याने वाढली. आज ती ४० लाखांहून अधिक मानली जाते. अनेक रँचमालकांना गुरांपेक्षा हरणांपासून मिळणारे उत्पन्न अधिक भरवशाचे वाटू लागले.

ट्रॉफी म्हणजे प्रामुख्याने शिंगे. हरणाच्या नराची शिंगे दरवर्षी गळून पडतात व वसंतापासून पुन्हा वाढू लागतात. त्यांचा आकार वय, आहार आणि आनुवंशिकता या तीन घटकांवर अवलंबून असतो. नर साधारणपणे पाच ते सात वर्षांचा झाल्यावर त्याची शिंगे पूर्ण भरात येतात. म्हणजे तोवर त्याला जिवंत राखणे आवश्यक असते. शेजारच्या जमिनीत गेलेला तरुण नर तेथील शिकारी मारण्याची शक्यता असते. म्हणून सुमारे आठ फूट उंचीचे जाळीचे कुंपण येते. त्यानंतर आहाराचा प्रश्न येतो. त्यासाठी प्रथिनयुक्त खाद्य आणि ठराविक वेळी मका विखुरणारी यंत्रे वापरली जातात. खासगी जमिनीवर मक्याचे आमिष टाकून शिकार करण्यास टेक्सासच्या कायद्यात मुभा आहे.

तिसरा घटक आनुवंशिकतेचा. मोकळ्या कळपातील लहान शिंगांचे नर सातत्याने काढून टाकले तर पुढील पिढ्यांची शिंगे सुधारतील, अशी अनेक रँचमालकांची समजूत होती. दक्षिण टेक्सासमधील विद्यापीठीय संशोधनात मात्र अशा निवडीमुळे शिंगांचा आकार वाढल्याचे आढळले नाही. मादीलाही शिंगांचे गुण वारशाने मिळतात आणि ती ते पुढे देते. परंतु तिच्याकडे पाहून ते ओळखता येत नाहीत. त्यामुळे शिंगांचा हव्यास जसजसा वाढतो, तसतसे व्यवस्थापन रानाकडून गोठ्याकडे सरकते. परवानाधारक प्रजननकेंद्रांत वंशावळीच्या नोंदी ठेवल्या जातात, कृत्रिम रेतन केले जाते आणि प्रत्येक हरणाला ओळख क्रमांक दिला जातो. बून अँड क्रॉकेट क्लबच्या सार्वकालिक नोंदवहीत नेहमीच्या घडणीच्या शिंगांसाठी किमान १७० गुण लागतात, व हे गुण शिंगांच्या इंचांतील मोजमापांवरून काढले जातात. प्रजननकेंद्रांतील काही नरांची मोजमापे मात्र ३०० इंचांच्याही पुढे जातात.

नैतिक विचारासाठी यातील तीन पायऱ्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. पहिली, हजारो एकरांच्या कुंपणबंद रानात जन्मून तेथेच स्वतःचे पोट भरणारी हरणे. दुसरी, प्रजननकेंद्रात वाढवून शिकारीसाठी कुंपणात सोडलेली हरणे. आणि तिसरी, परदेशांतून आणलेले प्राणी. या तिन्हींना एकच निकाल लावणे न्याय्य होणार नाही.

३. समर्थनाचे युक्तिवाद

समर्थकांचा पहिला युक्तिवाद अधिवासाचा आहे. हरणांपासून उत्पन्न मिळते म्हणून मालक झुडपी रान राखतो. ते उत्पन्न नसते तर तीच जमीन अतिचराईखाली गेली असती अथवा तुकडे पाडून विकली गेली असती. दुसरा युक्तिवाद प्राण्याच्या दुःखाचा आहे. भूक, रोग किंवा भक्षक यांच्यामुळे येणाऱ्या मरणापेक्षा नेमकी लागलेली गोळी अधिक दयाळू असते. शिवाय मांस वाया जात नाही. तिसरा युक्तिवाद सुसंगतीचा आहे. पिंजऱ्यात कोंडलेल्या कोंबडीचे मांस ज्यांना चालते, त्यांनी प्रशस्त रानात वाढलेल्या हरणाबद्दल हळहळ व्यक्त करणे हा दुटप्पीपणा होय.

हे युक्तिवाद पोकळ नाहीत. विशेषतः तिसऱ्याचे उत्तर मांसाहारी टीकाकाराजवळ सहसा नसते. पीटर सिंगर यांनी १९७५ मध्ये व टॉम रेगन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांतील भूमिका स्वीकारणाऱ्याला ते उत्तर सोपे आहे, कारण त्याला कत्तलखाना व रँच हे दोन्ही अमान्य असतात. तथापि या युक्तिवादांतून नेमके काय सिद्ध होते, हेही पाहिले पाहिजे. पहिला युक्तिवाद रान राखण्याचे समर्थन करतो. प्रजननकेंद्रात तयार केलेल्या नराचे नव्हे. दुसरा व तिसरा युक्तिवाद मांसासाठी केलेल्या पशुपालनाचे समर्थन करतात. परंतु ग्राहक येथे मांसाची नव्हे, तर शिकारीच्या अनुभवाची व भिंतीवर लावायच्या शिंगांची किंमत मोजतो.

संख्यानियंत्रणाचा दावाही तपासून घ्यावा लागतो. भक्षक नसलेल्या रानात हरणांची संख्या मर्यादित ठेवणे आवश्यक असते, हे खरे. पण त्यासाठी प्रामुख्याने माद्या कमी कराव्या लागतात, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. ट्रॉफीचा बाजार मात्र नरावर चालतो. चांगल्या व्यवस्थापनात माद्यांचीही संख्या घटविली जाते. परंतु तो व्यवस्थापनाचा भाग होय, ट्रॉफीचा नव्हे. एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

४. न्याय्य पाठलागाचा निकष

बून अँड क्रॉकेट क्लबची स्थापना थिओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये झाली. या परंपरेने ‘न्याय्य पाठलाग’ हे तत्त्व रुजविले. प्राणी मोकळा व वन्य असावा आणि शिकाऱ्याने त्याच्यावर अवाजवी वरचढपणा मिळवू नये, हे त्याचे सार. पळून जाण्यास प्रतिबंध करणाऱ्या कुंपणातील प्राण्याची नोंद हा क्लब स्वीकारत नाही. आक्षेप घेणारी ही संस्था प्राणिमित्रांची नसून शिकाऱ्यांचीच आहे, ही बाब महत्त्वाची होय.

या तत्त्वामागील विचार स्पॅनिश तत्त्वज्ञ ओर्तेगा इ गासेत यांच्या १९४२च्या शिकारविषयक निबंधात आढळतो. शिकारी आपले सामर्थ्य जाणूनबुजून आवरून धरतो आणि प्राण्याला निसटण्याची संधी राहते. निष्पत्ती आधीच ठरलेली असेल तर ती शिकार राहत नाही. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३च्या ‘गेम मॅनेजमेंट’ या ग्रंथात आणखी एक निकष दिला. शिकारीच्या प्राण्याचे मूल्य त्याच्या उत्पत्तीतील कृत्रिमतेच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. लिओपोल्ड स्वतः शिकारी होते आणि वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे प्रणेतेही होते. म्हणून त्यांचा इशारा बाहेरच्या टीकाकाराचा म्हणून बाजूस सारता येत नाही.

हे निकष लावले असता पहिल्या पायरीवरील रँच वादग्रस्त असली तरी सर्वस्वी अमान्य ठरत नाही. विस्तीर्ण, दाट झुडपांच्या रानात अनुभवी नर कुंपण असूनही शिकाऱ्याला दिवसेंदिवस चकवू शकतो. दुसरी पायरी मात्र टिकत नाही. माणसाच्या वासाला सरावलेले, मक्याच्या यंत्राचा आवाज ऐकून ठरल्या वेळी येणारे हरीण लपणात बसलेल्या माणसाने टिपले, तर तेथे पाठलागही नाही आणि न्यायही नाही. टीकाकार यास ‘डबाबंद शिकार’ म्हणतात. भिंतीवरील शिंगे पाहणाऱ्याला कौशल्याची व चिकाटीची साक्ष देतात. प्रत्यक्षात ती प्रजनकाच्या निवडीची व ग्राहकाच्या ऐपतीची साक्ष असते. या व्यवहारातील पहिला नैतिक दोष हिंसेचा नसून असत्याचा आहे.

५. मालकी आणि जोखीम

दुसरा दोष सार्वजनिक स्वरूपाचा आहे. अमेरिकेत स्थानिक वन्य प्राणी हे जमीनमालकाचे नसून जनतेचे आहेत व राज्य त्यांचे विश्वस्त आहे, असे मानले जाते. टेक्सासमधील एका अपील न्यायालयाने २०१९ मध्ये परवानाधारक प्रजननकेंद्रांतील हरणे ही प्रजनकाची खासगी मालमत्ता ठरत नाहीत, असाच निर्णय दिला. परंतु कुंपण, ओळख क्रमांक आणि किंमत यांमुळे व्यवहारात ते हरीण गुरांसारखेच वागविले जाते.

या विसंगतीची किंमत कोण मोजतो, हे हरणांच्या जीर्ण क्षय रोगावरून दिसते. प्रायॉन या विकृत प्रथिनामुळे होणारा हा प्राणघातक मेंदूरोग १९६७ मध्ये कोलोरॅडोतील एका संशोधन केंद्राच्या बंदिस्त हरणांत प्रथम लक्षात आला. त्यावर लस अथवा उपचार नाही. लाळ व मलमूत्रातून बाहेर पडलेले प्रायॉन मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि बाधित प्राणी दीर्घकाळ निरोगी दिसतो. मानवाला या रोगाची बाधा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. टेक्सासमध्ये तो २०१२ मध्ये मोकळ्या रानातील हरणांत व २०१५ मध्ये एका प्रजननकेंद्रात आढळला. आज अमेरिकेच्या ३० हून अधिक राज्यांत त्याचा प्रादुर्भाव आहे. तो मोकळ्या कळपांतूनही पसरतो, हे खरे. परंतु दाटीने ठेवलेली व वाहनांतून दूरदूर नेली जाणारी जिवंत हरणे त्याच्या प्रसाराला एरवी न मिळणारी गती देतात. नफा कुंपणाच्या आत राहतो आणि जोखीम जाळीबाहेरच्या सार्वजनिक कळपावर पडते. शिकारीबद्दल कोणतेही मत असणाऱ्या व्यक्तीलाही हा आक्षेप नाकारता येणार नाही.

नागरिकांनी या प्रश्नाचे उत्तर एकाच प्रकारे दिलेले नाही. मोंटाना राज्यातील मतदारांनी २००० मध्ये कुंपणातील सशुल्क शिकारीवर बंदी आणली. नॉर्थ डकोटातील मतदारांनी २०१० मध्ये तशाच स्वरूपाचा प्रस्ताव फेटाळला.

६. काळविटाचा दाखला

तिसऱ्या पायरीचा भारताशी थेट संबंध आहे. काळवीट हे शास्त्रीय दृष्ट्या हरीण नव्हे, तर कुरंगवर्गीय प्राणी; त्याची शिंगे गळत नाहीत. १९३०च्या दशकात ते टेक्सासमध्ये आणले गेले. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याला स्थान आहे, आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील रेहेकुरी येथे त्याच्यासाठी १९८० पासून अभयारण्य आहे. टेक्सासमध्ये मात्र परदेशी प्राणी म्हणून ते रँचमालकाची मालमत्ता ठरते आणि वर्षभर केव्हाही त्याची शिकार करता येते. एकच प्राणी एका देशात राष्ट्राचा ठेवा आहे, तर दुसऱ्या देशात दरपत्रकातील एक नोंद आहे.

तरीही समर्थकांचा सर्वांत बळकट पुरावा याच प्राण्याने दिला आहे. पाकिस्तानातील रानांतून काळवीट नाहीसे झाल्यानंतर १९७०च्या सुमारास लाल सुहानरा येथे पुनर्वसनासाठी आणलेले काळवीट टेक्सासमधील होते. कुंपणाआडचा कळप नसता तर हा मार्ग उपलब्ध झाला नसता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मात्र यातून कुंपणबंद संवर्धनाचे मूल्य सिद्ध होते; ट्रॉफीचे नव्हे. जेथे शुल्काच्या पैशातून खरोखर रानात परतू शकणारा कळप राखला जातो, तेथे त्या शुल्काचे साधन म्हणून समर्थन होऊ शकेल. परंतु त्यासाठी परतीचा मार्ग दाखवावा लागेल. केवळ ‘संवर्धन’ हा शब्द उच्चारून ते भागणार नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, कुंपण हा स्वतः दोष नव्हे. निसटण्याची संधी आणि प्राण्याची वन्यता किती उरली, यावर त्याचा न्याय करावा. दोन, प्रजननकेंद्रातून सोडलेल्या हरणास मारणे हे फार तर पशुपालन होय. त्याचा विचार पशुपालनाच्या निकषांवर व्हावा आणि शिकारीच्या प्रतिष्ठेवर त्याने हक्क सांगू नये. तीन, ज्या व्यवसायामुळे सार्वजनिक वन्यजीवांना रोगाची जोखीम निर्माण होते, त्याने तपासणीचा व निर्बंधांचा भार स्वतः उचलला पाहिजे.

पदवी स्तरावरील पर्यावरण अभ्यासाच्या वर्गात शिकारीचा प्रश्न बहुधा ‘बंदी की परवानगी’ एवढ्यावरच संपतो. टेक्सासचे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे अधिक कठीण प्रश्न ठेवू शकते : प्राण्यांची संख्या राखली गेली, पण त्याचे रानपण गेले, तर नेमके काय वाचले? ‘पाडस’मधील मुलाला आपल्या हरणावर गोळी झाडावी लागली, तेव्हा आपण काय गमावत आहोत हे त्याला ठाऊक होते. कुंपणबंद रानातील ट्रॉफी-शिकारीत ती जाणीवच व्यवहारातून वगळली जाते. या प्रथेवरील सर्वांत गंभीर आक्षेप हाच होय.