एका चिन्हाचा फरक

अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्स नावाचे कर्नल असते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कोणत्या अ‍ॅपला किती मेमरी द्यायची, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, हे तेच ठरवते. त्यातच फट राहिली, तर वरची सगळी कुलपे निरुपयोगी ठरतात.

नोव्हेंबर 2003 मध्ये अशी फट मुद्दाम पाडण्याचा प्रयत्न झाला. लिनक्सचा मूळ कोड तेव्हा ‘बिटकीपर’ या प्रणालीत होता आणि त्याची एक प्रत ‘सीव्हीएस’ या दुसऱ्या प्रणालीत ठेवली जाई. या प्रतीच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी शिरले आणि दोन ओळी घालून गेले.

त्या ओळी चुका तपासणाऱ्या नेहमीच्या ओळींसारख्याच दिसत होत्या: दोन ठरावीक पर्याय एकत्र आले आणि वापरकर्त्याचा क्रमांक 0 असेल, तर चूक झाल्याचे कळवा. लिनक्समध्ये 0 हा क्रमांक सर्वाधिकार असलेल्या ‘रूट’ वापरकर्त्याचा. सी भाषेत दोन किमती समान आहेत का, हे तपासायला बरोबरचे चिन्ह जोडीने लिहितात. ते एकदाच लिहिले, तर नवी किंमत दिली जाते. इथे चिन्ह एकच होते. म्हणजे ‘क्रमांक 0 आहे का?’ हा प्रश्न नव्हता. ‘क्रमांक 0 कर’ हा हुकूम होता. ही खूण माहीत असलेल्या कोणाचाही साधा प्रोग्राम गुपचूप त्या संगणकाचा मालक झाला असता.

हा डाव उघड कसा झाला? बिटकीपरचे निर्माते लॅरी मॅकव्हॉय यांना दिसले, की प्रतीतल्या एका बदलाला मंजुरीची नोंदच नाही. मूळ साठ्यात तर तो बदल नव्हताच. त्यानंतर इतर जाणकारांनी त्या ओळी बारकाईने वाचल्या आणि चिन्हाची चलाखी उघडी पडली. शिरकाव करणारा मात्र समोर आला नाही.

लिनक्समधला बदल सहसा थेट आत जात नाही. तो आधी त्या विभागाची देखभाल करणाऱ्यांकडे जातो. इतर जाणकारही तो वाचतात, शंका काढतात, अनेकदा दुरुस्तीसाठी परत पाठवतात. शेवटी तो लिनस टॉरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतो. 2004 पासून लिहिणारा आणि बदल पुढे पाठवणारा, दोघेही त्यावर आपले नाव घालतात. ही पद्धत मुख्यतः कोडच्या मालकीवरून झालेल्या वादांमुळे आली. पण त्यामुळे बदल कोणाच्या हातून आला, याचा मागही राहतो.

तरीही नजरेतून काही सुटतेच. 2016 मध्ये उघड झालेला ‘डर्टी काऊ’ हा दोष सुमारे नऊ वर्षे कर्नलमध्ये होता. त्यात कोणाचा डाव नव्हता, ती साधी चूक होती. अशा सुटलेल्या चुकांची दुरुस्ती आपल्यापर्यंत येते ती सुरक्षा अपडेटमधून. मोबाइलवर ती सूचना आली, की ‘नंतर’ हे बटण न दाबलेले बरे.