द्राक्षे शेतातून सुटली, फळीवर अडकली

1949 च्या जूनमध्ये मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला आणि पुढच्या वर्षी एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी लागू झाली. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. या कायद्याच्या लेखी व्हिस्की, हातभट्टी, ताडी आणि द्राक्षाची वाईन एकाच माळेचे मणी. बनवणे, बाळगणे, नेणे, विकणे, पिणे, सगळ्यावर बंदी. सूट हवी तर विकणाऱ्याला परवाना आणि पिणाऱ्याला परमिट. पुढे बंदी सैल झाली, कायद्याच्या नावातल्या 'मुंबई'चे 'महाराष्ट्र' झाले, पण चौकट तीच राहिली. मीरा रोडच्या बारवर आजही 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. एक दिवसाच्या परमिटची किंमत पाच रुपये आहे, हे मात्र आत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

मीरा-भाईंदरचा वाईनशी संबंध या पाट्यांपेक्षा कितीतरी जुना. उत्तन, डोंगरी, पाली, चौक ही शहराच्या पश्चिम टोकाची गावे. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत पोर्तुगीज इथून गेले, ख्रिस्ती वस्ती राहिली. इथल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळ आणि लग्न म्हटले की घरची वाईन आलीच. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, यीस्ट आणि पाणी भरणीत घालायचे, रोज ढवळायचे, काही आठवड्यांनी गाळायचे. कुणी जांभळाची करते, कुणी आल्याची. दारूबंदीच्या कायद्याने चर्चमधल्या मिस्सेच्या वाईनची वेगळी सोय केली. घरच्या भरणीची केली नाही. परवान्याशिवाय दारू बनवणे हा गुन्हा, आणि त्यात आजीची भरणी आणि खाडीकाठच्या तिवरांमागची भट्टी असा फरक कायदा करत नाही.

या चौकटीत कुणी वाईनचा कारखाना काढेल, हेच नवल. 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला शॅम्पेन इंडाज उभी केली. तिची फसफसती वाईन 'ओमर खय्याम' या नावाने परदेशात जाऊ लागली. पुढच्या दशकात राजीव सामंत अमेरिकेतून परतले आणि नाशिकजवळ घरच्या जमिनीवर त्यांनी वाईनची द्राक्षे लावली. वेलींपेक्षा सरकारी परवानगीलाच जास्त मशागत लागली. 'सुला'ची पहिली बाटली बाजारात आली ती 2000 मध्ये.

लगेच दुसऱ्या वर्षी सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. या 2001 च्या धोरणाइतके नेमके पाऊल या सगळ्या इतिहासात दुसरे नाही. वाईनकडे दारू म्हणून पाहण्याऐवजी शेतमालावरची प्रक्रिया म्हणून पाहायचे, असे सरकारने ठरवले. राज्यातल्या द्राक्षांच्या वाईनवरचे उत्पादन शुल्क माफ झाले, परवाना शुल्क नाममात्र झाले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आले. पुढे 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के उत्पादकाला परत देणारी योजनाही आली; मध्ये थांबलेली ही योजना 2023 च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली.

चाखण्याचा प्रश्न या धोरणातूनच सुटला. ग्राहकाने वाईन कुठे प्यायची? परमिट रूमच्या अंधारात, की बाटली घरी नेऊन? 2005 मध्ये सुलाने गंगापूर धरणाजवळच्या वायनरीत टेस्टिंग रूम उघडली. पाहुण्याने द्राक्षबाग पाहावी, चार-पाच वाईनचे घोट घ्यावेत, आवडली ती बाटली तिथेच विकत घ्यावी. 2008 पासून सुलाफेस्ट भरू लागला आणि मुंबई-ठाण्याची तरुण मंडळी शनिवार-रविवार नाशिकला वळली. याच शहरात त्र्यंबकेश्वरला निघालेले भाविकही उतरतात. नाशिकने दोघांनाही सांभाळून घेतले.

सगळेच गोड झाले नाही. 2008 च्या मंदीत इंडाज डबघाईला आली, द्राक्षांचे पैसे अडकले आणि अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. बनवण्याचा परवाना सोपा झाला होता, विकण्याचा नव्हता. बाटली शेवटी दारूच्या दुकानाच्या जाळीआडच पोचत होती.

ती जाळी ओलांडण्याचा प्रयत्न राज्य सरकारने 27 जानेवारी 2022 रोजी केला. 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये सव्वादोन घनमीटरच्या कुलूपबंद कपाटात वाईन ठेवायची, वर्षाला 5,000 रुपये शुल्क भरायचे; शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळ परवानगी नाही, दारूबंदीच्या जिल्ह्यांत नाही. मीरा रोडच्या किराणा दुकानदाराला याचा उपयोग शून्य, कारण 100 चौरस मीटर म्हणजे सुमारे 1,076 चौरस फूट. फायदा झाला असता तो मोठ्या साखळी दुकानांचा. विरोधी भाजपने 'मद्यराष्ट्रा'ची हाळी दिली, अण्णा हजारे यांनी राळेगणसिद्धीत उपोषण जाहीर केले आणि जनतेचे मत घेण्याच्या आश्वासनावर ते स्थगित केले. हरकती-सूचना मागवल्या गेल्या, आणि जूनअखेर सरकारच कोसळले. कपाट कागदावरच राहिले.

विरोधाला नुसते राजकारण म्हणून उडवून लावता येणार नाही. गोराईच्या खाडीपलीकडे मालवणीत 2015 च्या जूनमध्ये विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. मीरा-भाईंदरचा कलही वेगळा: जैनांच्या पर्युषणात मांसविक्रीवर आठ दिवस बंदी घालण्याचा निर्णय इथल्याच महापालिकेने 2015 मध्ये घेतला होता. मार्च 2025 मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केले, की सोसायटीच्या आवारात नवे बिअर किंवा दारूचे दुकान काढायचे तर सोसायटीचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशाच इमारतींनी भरलेल्या मीरा-भाईंदरमध्ये यामुळे परवान्याची चावी बरीचशी रहिवाशांच्या हाती आली आहे. हे योग्यच झाले.

चुकते ते दुसरीकडे. मालवणीत माणसे मेली ती दारूत मिसळलेल्या औद्योगिक मिथेनॉलने. फळ आंबवून केलेल्या वाईनने नव्हे. फळांची वाईन आणि भट्टीची दारू यांतला हा फरक इतर काही राज्यांनी नियमांत उतरवला आहे. मेघालयाने 2020 मध्ये घरगुती फळांच्या वाईनला कायद्याच्या कक्षेत आणले, केरळने 2022 मध्ये शेतमालापासून छोट्या प्रमाणावर वाईन करण्याचे नियम काढले. महाराष्ट्राने मोठ्या वायनरीला शेतकऱ्याची बहीण मानले, पण घरी दहा-वीस लिटर करणारीसाठी अजून एक साधी नोंदणीही ठेवलेली नाही. प्रमाणाची मर्यादा, नमुन्याची तपासणी आणि हजारभर रुपयांचे शुल्क, एवढ्यावर हे काम भागते. उत्पादन शुल्क विभागाने पुढच्या दुरुस्तीत ते करावे.