ठिणगीपासून सायलेन्सरपर्यंत : जुन्या शेव्हरोले ट्रकचे इंजिन नव्याने बांधताना

जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले विभागाने 1947 मध्ये ‘ॲडव्हान्स डिझाइन’ या नावाने बाजारात आणलेले आणि 1955 च्या प्रारंभापर्यंत तयार केलेले ट्रक आजही अमेरिकेतील हौशी मालक जिद्दीने रस्त्यावर ठेवतात. त्यांच्यात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन असे. हलक्या ट्रकमध्ये त्याची क्षमता प्रथम 216 घन इंच, म्हणजे सुमारे 3.5 लिटर होती आणि 1954 मध्ये ती 235 घन इंच, म्हणजे सुमारे 3.9 लिटर झाली. मुंबईत शिवडी येथे याच कंपनीचा जुळणी कारखाना 1928 पासून 1954 पर्यंत चालू असल्याने शेव्हरोले हे नाव जुन्या मराठी चालकांनाही परके नव्हते.

असे इंजिन पूर्ण खोलून नव्याने बांधताना सिलिंडर बोअर करणे, नवे पिस्टन व रिंगा बसवणे, बेअरिंग बदलणे ही कामे अटळच असतात. परंतु ठिणगी देणारी इग्निशन यंत्रणा आणि जळालेला वायू बाहेर नेणारी एक्झॉस्ट यंत्रणा मूळ स्वरूपात ठेवावी की सुधारावी, हा निर्णय मालकाला स्वतः घ्यावा लागतो. या सुधारणांतून ताकद फारशी वाढत नाही, मात्र इंजिनाच्या चालण्यात सातत्य येते, आणि तेही पायाभूत झीज आधी दुरुस्त केलेली असेल तरच.

मूळ इग्निशनची रचना अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास विकसित केलेल्या तत्त्वावर आधारलेली आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो तेव्हा तिच्यात चुंबकीय क्षेत्र साठते. डिस्ट्रिब्युटरमधील फिरता कॅम धातूचे दोन स्पर्शबिंदू, म्हणजे गॅरेजच्या भाषेतील ‘पॉइंट’, उघडतो तेव्हा ते क्षेत्र क्षणात कोसळते आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. हा दाब रोटरमार्फत योग्य त्या सिलिंडरच्या प्लगपर्यंत पोहोचतो, तर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर त्यांच्यामधील ठिणगी रोखून त्यांना जळण्यापासून वाचवतो.

ही रचना साधी असली तरी तिच्यावरील ताण मोठा असतो. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनाला दर फेऱ्यास तीन ठिणग्या लागतात, त्यामुळे मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगावर पॉइंटना सेकंदाला 150 वेळा उघडावे-मिटावे लागते आणि कॉइलमध्ये प्रवाह भरण्यासाठी प्रत्येक वेळी सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम चार भाग मिळतात. शिवाय कॅमवर घासणारा पॉइंटचा ठोकळा झिजत गेला की पॉइंटमधील फट कमी होते, ते उशिरा उघडतात आणि ठिणगी मागे पडते. मागे पडलेल्या ठिणगीमुळे जळण उशिरा पुरे होते, एक्झॉस्ट अधिक तापतो आणि पेट्रोलही जास्त लागते.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पॉइंटच्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक संच. त्यात रोटरखाली चुंबके असलेली एक कडी बसते आणि शेजारचा संवेदक, 1879 मध्ये एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामाच्या आधारे, चुंबक समोरून जाताच कॉइलचा प्रवाह खंडित करतो. घासणारा भागच उरत नसल्याने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, दीर्घकाळ जागेवर राहते. मात्र डिस्ट्रिब्युटरचा दांडा ज्या बुशमध्ये फिरतो ते सैल झाले असतील, तर दांडा डोलतो आणि संवेदकाला संदेशही मागेपुढे मिळतो. म्हणून बुश बदलल्याशिवाय संच बसवणे म्हणजे रोग ठेवून लक्षण झाकणे होय.

विजेच्या जोडणीतही काही पथ्ये पाळावी लागतात. हे ट्रक 6 व्होल्टचे आहेत आणि तेवढ्याच कामासाठी 6 व्होल्टला 12 व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो, त्यामुळे बॅटरीच्या केबल जाड आणि अर्थिंगचे सांधे स्वच्छ नसतील तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळते आणि नेमकी तेव्हाच ठिणगी क्षीण होते. संच, कॉइल आणि रोधक एकमेकांना अनुरूप असावे लागतात. प्लगकडे जाणाऱ्या जुन्या तांब्याच्या तारा विद्युत गोंगाट निर्माण करून संवेदकाला गोंधळात टाकू शकतात, म्हणून त्यांऐवजी रोधक गाभ्याच्या तारा वापरणे इष्ट ठरते. इंजिन बंद असताना चावी चालू राहिल्यास अनेक संच तापून निकामी होतात, ही बाबही चालकाने ध्यानात ठेवली पाहिजे.

संच बसवल्यावर टायमिंग नव्याने जुळवावे लागते. या इंजिनात त्यासाठी फ्लायव्हीलमध्ये पोलादाची एक लहान गोळी ठोकून बसवलेली असते आणि ती घंटेच्या आकाराच्या आवरणातील छोट्या खिडकीतून दिसते. टायमिंग लाइटच्या उजेडात ती गोळी खिडकीतील काट्यासमोर येईपर्यंत डिस्ट्रिब्युटर फिरवायचा असतो. अनेक वर्षांच्या तेलकट मळीखाली ती गोळी बहुधा दिसेनाशी झालेली असते, तेव्हा इंजिन खोललेले असतानाच ती घासून पांढऱ्या रंगाने रंगवली तर पुढचे काम सोपे होते.

एक्झॉस्टच्या बाजूला मूळ भाग म्हणजे बिडाचा एकसंध मॅनिफोल्ड, जो सिलिंडर हेडमधील चार तोंडांतून येणारा वायू एकाच नळीत गोळा करतो. इंजिन तापले की तो लांबीत वाढतो. सुमारे 60 सेंटिमीटर लांबीचे बीड 400 अंश सेल्सिअसने तापले तर अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक प्रसरण पावते. म्हणून त्याची टोके थोडी सरकू शकतील अशा रीतीने क्लॅम्प आवळलेले असावे लागतात. इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मध्यभागी एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात. ते बोल्ट प्रथम सैल ठेवून दोन्ही मॅनिफोल्ड हेडवर बसवावेत आणि मगच मधला सांधा आवळावा, कारण उलट क्रमाने केल्यास बीड ताणाखाली राहून तडकते.

ज्यांना सुधारणा हवी असते ते दोन भागांत विभागलेला मॅनिफोल्ड निवडतात आणि त्यामागे ठोस कारण आहे. या इंजिनात ठिणगीचा क्रम 1-5-3-6-2-4 असा आहे, म्हणजे पुढच्या तीन आणि मागच्या तीन सिलिंडरांची पाळी एकाआड एक येते. एकाच मॅनिफोल्डमध्ये दर 120 अंशांनी नवा झोत शिरतो आणि आधीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तेव्हा उघडाच असल्याने हा झोत त्या सिलिंडरमधील वायूच्या वाटेत आडवा येतो. विभागणी केल्यावर प्रत्येक नळीत दर 240 अंशांनी एकच झोत येतो, त्यामुळे सिलिंडर अधिक मोकळे होतात.

या लाभाची किंमतही असते. मूळ रचनेत एक्झॉस्टची उष्णता कार्बोरेटरखालील भागाला मिळते आणि तापमानानुसार उघडझाप करणारी एक झडप ती नियंत्रित करते. ही उष्णता नाहीशी झाली तर थंडीत पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींवर साचतात आणि इंजिन अडखळते. म्हणून विभागलेल्या मॅनिफोल्डसोबत गरम पाण्याने तापणारी पट्टी किंवा तत्सम सोय आवश्यक असते. नळी जितकी रुंद तितकी बरी, हा समजही चुकीचा आहे, कारण फार रुंद नळीत वायूचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरील ओढ, जी ट्रकला सर्वांत जास्त लागते, तीच घटते. एक्झॉस्ट मोकळा झाल्यावर मिश्रणात पेट्रोल कमी पडत नाही ना, हे प्लगचा रंग पाहून तपासावे. पांढरट प्लग ही धोक्याची खूण मानली जाते.

हेड उघडलेले असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकींचाही विचार करावा. हे इंजिन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहे आणि त्या पेट्रोलमधील शिशाचा थर बिडाच्या बैठकींना झिजण्यापासून वाचवत असे. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर जड भार ओढायचा असल्यास कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेणे शहाणपणाचे ठरते.

या सर्वांचा ताळेबंद मांडला तर अग्रक्रम असा लागतो : प्रथम बुश, केबल आणि व्हॉल्व्हच्या बैठकी, त्यानंतर इलेक्ट्रॉनिक संच, आणि मूळ मॅनिफोल्ड तडकलेला असेल किंवा इंजिनात इतर मोठे बदल केले असतील तरच विभागलेला एक्झॉस्ट. प्रत्येक बदल स्वतंत्रपणे करून ट्रक काही दिवस चालवून पाहावा, नाहीतर दोष उद्भवल्यास तो कोणत्या नव्या भागातून आला हे कळत नाही. काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि मॅनिफोल्ड मात्र भंगारात देऊ नयेत, कारण नवा संच प्रवासात बंद पडला तर ट्रक घरी आणण्याचे काम तेच जुने पॉइंट करतात.