मजुरीत मिळायची बिअर!

महिनाअखेरीस पगार जमा झाल्याचा मेसेज आला की आपल्याला हायसं वाटतं. पण पगारात पैशांऐवजी बिअर मिळाली तर? सुमारे ५,००० वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, असंच चालायचं.

तेव्हा नाणी नव्हती. मंदिरांसाठी आणि राजवाड्यांसाठी राबणाऱ्यांना धान्य, तेल, लोकर आणि बिअर दिली जाई. कुणाला किती बिअर दिली, याचा हिशेब ओल्या मातीच्या पाट्यांवर नोंदवत. अशी एक पाटी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जगातली सर्वांत जुनी लिपी अशा हिशेबांमधूनच आकाराला आली.

बिअर की जेवण?

ही बिअर आजच्यासारखी स्वच्छ, फेसाळ नव्हती. मोड आणलेले जव आंबवून केलेलं ते गढूळ पेय होतं. श्रमाच्या कामाला ताकद देणारं अन्न म्हणूनच ते रोजच्या आहारात असे. वर तरंगणारी टरफलं तोंडात येऊ नयेत म्हणून लोक रांजणाभोवती बसून लांब नळ्यांनी ते पीत. ऊर शहरातल्या पुआबी राणीच्या कबरीत तर सोन्या-चांदीच्या नळ्या सापडल्या आहेत!

देवीही बाई, दुकानदारही बाई

बिअरची देवता होती निनकासी. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या तिच्या स्तोत्रात बिअर बनवण्याची कृतीच सांगितली आहे. गुत्तेही बहुधा बायकाच चालवत. म्हणूनच हम्मुराबी राजाच्या कायद्यात गुत्तेवालीसाठी वेगळी कलमं आहेत. उधारीवर दिलेल्या बिअरच्या बदल्यात सुगीला किती धान्य घ्यायचं, हेसुद्धा त्यात ठरवून दिलं होतं.

शिक्षा मात्र भयंकर होत्या. मापात फसवलं तर गुत्तेवालीला पाण्यात फेकायचं. तिच्या गुत्त्यात गुन्हेगार कट करत बसले आणि तिने त्यांना पकडून दिलं नाही, तर तिला देहदंड!

म्हणजे दारूसोबत फसवणूक आणि गुन्हेही येतात, हे त्या समाजाला तेव्हाच कळलं होतं. पण पिणारे सगळे असताना सर्वांत मोठी जोखीम आली ती बिअर विकून पोट भरणाऱ्या बाईच्या वाट्याला. देवी म्हणून जिची स्तुती गायची, तीही बाईच होती, हे मात्र कायदा करताना कुणाच्या लक्षात आलं नसावं.