चोरदिंडी आणि फांसा

पन्हाळ्यावर तीन दरवाजाजवळ अंधारबाव आहे. ही तिमजली इमारत बाहेरून साधीच दिसते. परंतु तिच्या तळाशीं विहीर असून मधल्या मजल्यांतून तटाबाहेर पडण्याची चोरवाट आहे. वेढा पडला असतां पाणी हातचें जाऊं नये आणि प्रसंगीं माणसास बाहेर निसटतां यावें, हीं दोन कारणें त्या चिऱ्यांत बांधलेलीं आहेत. रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत हाच विचार सांगितला आहे. गडास एकच दरवाजा असणें हा दोष. म्हणून आणखी दरवाजे व चोरदिंड्या कराव्या, आणि नित्य लागतील तेवढ्या राखून बाकीच्या बुजवाव्या, असा त्यांचा अभिप्राय. त्यांतील शेवटचें कलम आम्हांस फार मार्मिक वाटतें.

हें सर्व आठवण्याचें निमित्त मात्र खेळाचें आहे. सुटींत कबनुरास भावंडें जमलीं, म्हणजे सोंगट्यांच्या जोडीस अलीकडे एक नवा डाव मांडला जातो. एकानें चौकटीच्या कागदावर भुयाराचा नकाशा काढून तो पुठ्ठ्याआड लपवावा, इतरांनीं ‘डावीकडे वळतों, भिंत ठोठावतों’ असें सांगत त्यांत शिरावें. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें हा प्रकार प्रसिद्ध केला. १९७९ च्या त्यांच्या पंथांतील चालकाच्या ग्रंथांत तर भुयारहि फाशांनीं रचण्याचीं कोष्टकें आहेत: वीस पैलूंचा फांसा टाकावा, आणि वाट वळते कीं खुंटते, हें कोष्टकांत पाहावें.

गुप्त दार हुडकण्यासहि फांसाच. १९८१ च्या आवृत्तीप्रमाणें सामान्य शोधकास सहांत एक संधि. चौघांनीं एकेकदां भिंत चांचपली, तर चौघेहि फसण्याचा संभव १२९६ पैकीं ६२५, म्हणजे जवळजवळ निम्मा! मुलें श्वास रोखून बसतात तीं उगीच नव्हे.

परंतु दार कोठें असावें, हेंहि फाशावर सोडावें काय? परवां एका नकाशांत अशा रीतीनें तीन गुप्त दारें आलीं. तिन्ही एकाच कोठारांत उघडत होतीं, आणि त्या कोठाराला उघडें दार होतेंच! ‘मग हें लपविलें कोणीं, नि कोणापासून?’ असें धाकटीनें विचारलें. चालकापाशीं उत्तर नव्हतें, आणि डाव तेथेंच मोडला. आमच्या मतें तिचा प्रश्न अगदीं रास्त होता. ज्या दारास कारण नाहीं, तें तर्कानें शोधतां येत नाहीं. मग मुलें डोकें चालविणें सोडून नुसता फांसा घोळीत बसतात.

यास्तव आम्ही असें सुचवितों, कीं फाशानें जागा निवडूं नये, कारण निवडावें. एक पडल्यास पाणी, दोन पडल्यास पलायन, तीनास खजिना, चारास हेरगिरी, पांचास देवघर. पाणी आलें तर दार विहिरीच्या अंगास, पलायन आलें तर तटाच्या भिंतींत; शोधणाऱ्यानें ओल किंवा तट पाहून अनुमान करावें, आणि अनुमान बरोबर ठरल्यास त्यास फांसा माफ असावा. सहा पडल्यास मात्र अमात्यांचें कलम लावावें: दिंडी बुजविलेली समजावी. ती सांपडली तरी फोडावी लागेल, आणि फोडण्याचा आवाज पहारेकऱ्यास ऐकूं जाईल.